नात्याचा रकाना

घुग्घुस,
३ फेब्रुवारी २०२५

चि. आफ्रीनला सादिकभाईची दुआ.

तुया गावात फोन लागत नाई, म्हनून बसवाल्याच्या हाती पत्र अन् फॉर्म धाडतो. अब्बाचं डायलिसिस आता आठवड्यात तीनदा. परवा चंद्रपूरहून येताना उलटी झाली, तरी म्हने, ट्रकांची धूळ आहे.

एजंटानं परदेशातलं हॉस्पिटल ठरवलं. किडनी देनारी बाई तिथलीच. कागदावर तिले आपली चुलत बहीण दाखवाचं आहे. मले शुगर, अम्मीले बीपी, दुसरा उपाय नाई. वंशावळ तूच लिही. घरात ग्रॅज्युएट तू एकच. नर्सबाईच्या अक्षरावर कोनी शंका घेत नाई.

माया ठेव, उशीर ठेवू नको.
तुया भाई, सादिक


ता. भामरागड,
९ फेब्रुवारी

ति. सादिकभाई यांना सलाम, वि. वि.

फॉर्म तीनदा उघडला, तीनदा घडी घातली. त्या बाईचं नाव काय? मुलं आहेत का? ऑपरेशननंतर तिला कोण बघणार? इथल्या पत्रू नावाच्या गड्यानं एका बाळंतिणीला रक्त दिलं, तेव्हा आधी तिचं नाव विचारलं. आता दर बाजाराला तिची खबर घेतो.

आणि घरात सगळ्यांची तपासणी झाली, मग माझी का नाही?

लोभ आहेच, उत्तरही असावं.
आफ्रीन


घुग्घुस,
१४ फेब्रुवारी

चि. आफ्रीनला दुआ.

नाव विचारलं तर एजंट म्हने, भाऊ, तुमाले किडनी पायजे का सोयरीक.

तुयं नाव अब्बानंच काढू देल्लं नाई. कहकशाँखालाकडून तुयासाठी रिश्ता आला आहे; पोटावर टाके असलेली पोरगी कोन करन? अब्बा म्हने, पोरीले द्याचं असते, तिच्यापासून घ्याचं नसते. तू तत्त्व सांभाळ, मी बाप सांभाळतो. सोमवारपर्यंत फॉर्म पायजे.

रागावलो तरी भाईच आहो.
सादिक


ता. भामरागड,
१६ फेब्रुवारी

ति. सादिकभाई यांना सलाम, वि. वि.

फॉर्म सोबत आहे. तो एजंटाला नको, नागपूरच्या डॉक्टरांना दाखवा. किडनी देणारीच्या जागी माझं नाव लिहिलंय, नात्याच्या रकान्यात ‘मुलगी’. रक्तगट जुळतो, बाकीच्या तपासण्या व्हायच्यात. गुरुवारच्या बसनं येतेय.

खालांना आजच कळवा. टाके बघून परतणारे आधीच परतलेले बरे. मला भीती वाटते, हे मात्र अम्मीला सांगू नका.

अब्बांनी नाव खोडायला पेन मागितलं, तर सांगा की या फॉर्मवर खाडाखोड चालत नाही.

माया होती तशीच राहू द्या.
तुमची आफ्रीन