दुखतंय?

दि. ९ नोव्हेंबर, सकाळ

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. रीत म्हणून लिहिला, आज मनातून निघत नाही. माझी तब्येत ठीक. तुझ्या वहिनीची नाही.

बाबांच्या दातांच्या दवाखान्यातला, इंजेक्शनच्या काचेच्या बाटलीची मान मोडल्याचा तो आवाज आठवतो तुला? टक्! मग सुई. मग बाबा हात मागे बांधून खुर्चीशेजारी उभे राहायचे आणि शाळेतली एखादी कविता म्हणू लागायचे. कडवं संपलं की विचारायचे, "दुखतंय?" पेशंट हो म्हणाला की पुढचं कडवं. त्या पोस्टमननं आठव्या कडव्यालाही हो म्हटलं, तेव्हा म्हणाले, "अहो, कविता संपली माझी! थांबा, दुसरी घेतो." पण चिमट्याला हात लावला नाही. बधिर झालं की नाही, हे त्यांच्या दवाखान्यात दाताचा मालक ठरवायचा.

त्याच खुर्चीत तू माझ्या बायकोला म्हणालास, "वहिनी, नाटकं पुरे. दोन इंजेक्शनं दिलीत, दुखणं शक्यच नाही."

शक्यच नाही? गाढवा, हिरडीत पू होता! पुवानं तिथलं सगळं आंबट, आम्लधर्मी झालेलं. हे बधिर करणारं औषध मज्जातंतूत शिरायचं तर त्याच्या कणांनी आधी अंगावरचा विद्युतभार उतरवायला हवा. आम्लात तो उतरतच नाही. औषध बाहेर ताटकळतं आणि आत दुखणं मोकाट. आधी गोळ्यांनी सूज उतरवायची, नाहीतर सुजेपासून लांब, मूळ मज्जातंतूपाशी सुई द्यायची. तू त्याच सुजेत दोनदा टोचलंस. ती डिग्री भिंतीवर टांगलीस ती कशाला, भोक झाकायला?

अर्धी दाढ मोडून हातात आली. मूळ आतच आहे. आज बारावा दिवस. गाल तापलेला, जबडा धड उघडत नाही, पातळ तेवढं गिळते. दुसऱ्या डॉक्टरकडे चल म्हटलं की भिंतीकडे तोंड फिरवते. हे विष असंच पसरलं तर काय होतं, ते तुला मी सांगायला नको.

माझ्याशीही बोलत नाही.

तुझ्याशी का नाही, हे उघड आहे. माझ्याशी का, ते लिहिताना तीन कागद फाडले.

तिनं माझ्याकडे पाहिलं होतं रे. पस्तीस वर्षं मी वर्गात आम्ल आणि आम्लारी शिकवली. मला तिथंच कळलं होतं. आणि मी काय केलं? तिचे हात धरले. खुर्चीच्या दांड्यांवर दाबून धरले आणि म्हणालो, "अगं, तो डॉक्टर आहे." बाहेर पेशंट बसले होते, धाकट्या भावाचा पाणउतारा नको म्हणून. कवितेवर जीव टाकणारा मी, मला एक कडवंसुद्धा म्हणावंसं वाटलं नाही.

थांब. बेल वाजली.

खिडकीतून पाहिलं. तू! दवाखान्यातून सवड नाही म्हणत दहा वर्षांत या घराची पायरी न चढलेला तू. आणि बाहेरूनच विचारतोयस, "दादा, वहिनींना विचार, मी आत येऊ का?"

विचारलं. ती भिंतीकडून वळली आहे.

हे पत्र दाराखालून सरकवतो. उभ्यानं वाच. ती मानेनं हो म्हणेपर्यंत मी कडी काढणार नाही, आणि तू पुन्हा बेल वाजवायची नाहीस.

तिचे हात धरणारा,
तुझा दादा