चार किलोच्या आत

२३ ऑगस्ट २०२५, शनिवार

चार किलो दोनशे ऐंशी ग्रॅम!

तीनदा तोलली. भारतात जाताना बॅगा तोलायचा हुकाचा काटा आहे ना, त्याला पट्ट्यासकट रायफल टांगली. तिन्ही वेळा तेच. फिजिओ म्हणते चढावर चार किलोच्या वर नाही, एक ग्रॅम नाही. फेब्रुवारीत शिवलेला खांदा माझा, पण हुकूम तिचा.

आणि श्रीनिवासची अट. "या वर्षी स्वतःच्या खांद्यावरून वर नेलीस तर ठेव. नाहीतर विकायची." मे महिन्यातलं भांडण. मीही भडकून म्हटलं, दिला शब्द! नवऱ्याशी भांडताना माझी जीभ माझ्यापुढे चार पावलं धावते.

त्याचं चुकतं असंही नाही. गेल्या ऑक्टोबरला स्कॉटलंडच्या डोंगरात घसरले, खांदा दुखावला, आणि हॉस्पिटलात चार महिने कोणाला कळू दिलं नाही. स्वतः डॉक्टर असून! पण विकायची? सहा वर्षं लागली मला हरणाच्या शिकारीची ही विद्या शिकायला. आठवडाभर लोकांना भूल देते, वर्षातले चार दिवस त्या डोंगरावर मी स्वतः जागी असते.

मला अजून मिरवायचंय. तिथे रीत अशी की रायफल डोंगराच्या मालकाने ठेवलेला माणूस वाहतो, पाहुण्याने हात हलवत मागून चालायचं. मला पाहुणी म्हणून नाही जायचं.

२४ ऑगस्ट

कुठून कमी करणार? दस्ता कापता येत नाही, नळी कापता येत नाही. सायलेन्सर काढला तर कान जातील. उरली दुर्बीण. जुनी, छप्पन मिलिमीटरच्या काचेची, बसवायच्या कड्यांसकट सातशे नव्वद ग्रॅम. नुसती दुर्बीण! चार वाट्या तांदूळ मानेवर बांधून डोंगर चढायचा.

तिथल्या यूअनला फोन केला. तोच मला वर नेतो, वीस वर्षं त्या डोंगरावर आहे. म्हणाला, "छप्पन कशाला हवी, डॉक? हरणी आपण भर दुपारी मारतो. एवढी काच संध्याकाळच्या अंधुक उजेडात मचाणावर बसणाऱ्या शिकाऱ्यांना."

सहा वर्षं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. की मीच विचारलं नव्हतं?

६ सप्टेंबर, शनिवार

बंदुकांचं दुकान. श्रीनिवास सोबत, कारण गाडी तो चालवतो.

काउंटरवरचा माणूस पहिली दुर्बीण श्रीनिवासच्या हातात देतो! "सर, ही बघा." सर बिचारे उलट्या बाजूने बघायला लागले. मी ती काढून घेतली आणि म्हटलं, परवाना माझा आहे, खांदा माझा आहे, पैसे पण माझे आहेत. पुढचा पाऊण तास तो फक्त माझ्याशी बोलला.

पाच बघितल्या. सगळ्यात हलकी तीनशे ग्रॅमच्याही आत, हातात घेतली तर खेळणं! पण डोळा केसभर हलला की चित्र काळं. धाप लागलेली असताना डोळा केसभर नाही, वीतभर हलतो. शिवाय ती डोळ्याच्या फार जवळ धरावी लागते. माणूस म्हणाला, गोळी सुटली की मागची कड भुवईवर बसते, अर्ध्या चंद्राची खूण उमटते. मी म्हटलं, चंद्रकोर मी रोज लावते, पण टिकलीची. त्याला काही कळलं नाही. श्रीनिवास मात्र फिसकन हसला.

एक जर्मन, डोळे दिपतील अशी, पण तिचं वजन जुनीएवढंच. एकीची नेम जुळवायची चाकं इतकी सैल की बॅगेतून काढताना फिरतील.

मग ती. छत्तीसची काच, तीन ते नऊ पट. दाराबाहेर नेऊन समोरच्या धुराड्यावरचं कबूतर बघितलं, एकेक पीस दिसलं. मुद्दाम मान वाकडी केली, जागच्या जागी दहा उड्या मारल्या आणि धापा टाकत पुन्हा लावली. चित्र हललं नाही! पार्किंगमध्ये लोक बघत होते. बघू देत.

कड्यांसकट चारशे साठ ग्रॅम.

घरी येऊन हुकाला टांगली. तीन किलो नऊशे पन्नास!! श्रीनिवासला ओरडून बोलावलं. काट्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काट्याने नाही, तू न्यायची आहेस." अरसिक मेला.

१४ सप्टेंबर

नेमबाजीच्या रेंजवर जाऊन नेम बसवला. शंभर यार्डांवर एकदम चोख. नवीन दुर्बीण माझ्यावर खूश आहे.

२० सप्टेंबर

पाठीवर बॅग, बॅगेत पाण्याच्या बाटल्या, बरोबर चार किलो. घराजवळ, पिनरच्या टेकाडावर सहा फेऱ्या. शेजारची म्हातारी विचारते, रोज कुठे निघालीस? डोंगरावर, म्हटलं.

खांदा दुखतोय, पण दुखणं शहाण्यासारखं आहे, वेड्यासारखं नाही. फरक मला कळतो.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

आज माझ्यासारखी मूर्ख सबंध लंडनात नसेल.

आजच्या दिवशी हत्यारांची पूजा. आमच्या घरी बाबांचा स्टेथोस्कोप, आईचं शिलाई मशीन, सगळं पाटावर यायचं. इथे दरवर्षी माझा घशात बघायचा लॅरिंगोस्कोप आणि श्रीनिवासचा लॅपटॉप. या वर्षी म्हटलं दुर्बीण हवीच, माझं खरं हत्यार तीच. पण घरात आरतीला माणसं येणार, रायफल कुलुपातून बाहेर काढायची नाही. दुर्बिणीला परवाना लागत नाही! मग काय, चार स्क्रू सोडले, उचलली, पाटावर ठेवली. कौतुकाने.

नागपूरहून आई व्हिडिओवर. "अगं, काचेला नको का लावायला? डोळा तोच ना तिचा!" आणि मी, पंचवीस वर्षं निर्जंतुक हातांनी काम करणारी बाई, ओलं हळदकुंकू बोटावर घेऊन पुढच्या काचेला टिळा लावला. ठसठशीत.

पाहुणे गेल्यावर डोकं ताळ्यावर आलं. काचेवर लेप असतो, कोरडं पुसलं तर चरे. आणि त्याहून वाईट! दुर्बीण काढली म्हणजे नेम गेला. चौदा तारखेची सगळी मेहनत गेली. चार स्क्रू परत लावले तरी ती पूर्वीच्या जागी बसते थोडीच!

श्रीनिवास म्हणाला, "देवाला दाखवायला काढलीस. आता हरणीला काय दाखवणार?" मी उशी फेकली. बसली. निदान तो नेम शाबूत आहे.

२ ऑक्टोबर

आधी रबरी फुग्याने वारा मारला, मग काच धुवायचं पाणी, मग कापसाच्या काड्या. एक तास. मोतीबिंदूचं ऑपरेशन असावं इतक्या हळू. कुंकू निघालं. एकही चरा नाही! आईला सांगितलं. ती म्हणे, "बघ, देवीला काळजी." काळजी! काड्या मी फिरवल्या!

१२ ऑक्टोबर, रविवार

स्कॉटलंडला निघायच्या आधीची रेंजवरची ही शेवटची वेळ. आज नाही जमलं तर डोंगर नाही. मुक्या प्राण्यावर अंदाजपंचे गोळी चालवणाऱ्यांतली मी नाही.

पहिली तीन भोकं झाकायला पोळी लागली असती, आणि तीही कागदाच्या डाव्या कोपऱ्यात. बाजूला झाले, चहा प्यायले. मग दुर्बिणीची चाकं एकेक खटका मोजत फिरवली. उजवीकडे. वर. पुन्हा उजवीकडे. सतरा गोळ्या गेल्या. शेवटची तिन्ही भोकं पाणीपुरीच्या एका पुरीखाली मावली असती!

रेंजवरच्या साहेबांनी कागद हातात घेतला आणि नुसती मान हलवली. इंग्रज माणसाने एवढी मान हलवली म्हणजे आपल्याकडचा हार-तुरा समजायचा.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

गाडीत आठ तास झाले, अजून दोन. चकल्यांचा डबा श्रीनिवासच्या मांडीवर. मीच म्हटलं, निदान स्कॉटलंडात तरी मला चालवू दे. आता पेट्रोलपंपावर थांबून लिहितेय. डबा अजून उघडलासुद्धा नाही त्याने. मी हरावं असं वाटतंय की काय याला?

२५ ऑक्टोबर, शनिवार

नेली!! नेली नेली नेली!!

सकाळी यूअनने सवयीने हात पुढे केला. मी म्हटलं, नाही, आज मी. त्याने एकदा श्रीनिवासकडे बघितलं, मग हात मागे घेतला. श्रीनिवास खाली लॉजच्या दारात उभा. हातही हलवला नाही.

तीन तास. पहिल्या तासात ओढा, दुसऱ्यात गवताचे गठ्ठे, त्यात पाय घोट्यापर्यंत. गेल्या वर्षी घसरले तो दगड आला, त्याला वळसा न घालता त्याच्यावरूनच गेले. तिसऱ्या तासाला खांदा बोलायला लागला. यूअन मागे वळून बघायचा, विचारायचा नाही. भला माणूस. शेवटची दोनशे पावलं मोठ्याने मोजली. मराठीत.

वर सात हरणी. वारा तोंडावर. पोटावर सरपटत एकशेचाळीस यार्डांपर्यंत. म्हातारी हरणी, बरोबर पाडस नाही, यूअनने दाखवली तीच. इथे हरणं इतकी झालीत की रोपं जगत नाहीत, हिवाळ्यात तीच उपाशी मरतात. तरी छातीत धडधडलंच. धडधडू नये अशी शिकारी व्हायचं नाही मला. चित्र स्वच्छ, काळी कड नाही. श्वास सोडला, अर्ध्यावर थांबवला.

जागच्या जागी पडली. दुसरं पाऊल टाकलं नाही.

मी तिच्याजवळ गेले, मानेवर हात ठेवला, अजून ऊब होती. मग रडले थोडी. यूअन म्हणाला, "स्वतःची रायफल घेऊन इथवर आलेली पाहुणी मी पहिल्यांदा बघतोय, डॉक." मी म्हटलं, पाहुणी कोण?

खाली आले. श्रीनिवास दारातच, तिथेच. मी रायफल खांद्यावरून उतरवली आणि म्हटलं, "बोल, विकायची?" त्याने माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला, दुखतोय का बघायला. दुखत होता. सांगितलं नाही.

जिंकले!

६ नोव्हेंबर, गुरुवार

पोलिसांचं पाकीट आलं, इथे शस्त्रांचे परवाने तेच देतात. माझंच समजून फोडलं. आत शस्त्र परवाना, नाव श्रीनिवासचं! एक रायफल घ्यायची मुभा, बरोबर माझ्याच रायफलीच्या मापाची. अर्ज केला जूनमध्ये. घर तपासायला बाई आली तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते म्हणे. शिफारसपत्र यूअनचं.

तो कांदा चिरत होता. वर न बघता म्हणाला, "विकायची म्हणजे मलाच ना. बाहेर कोणाला देणार होतो? तू हरली असतीस तर रायफल मीच उचलून तुझ्यामागून चढलो असतो."

ज्याला रक्ताच्या तपासणीची सुई बघूनच घेरी येते, तो!