फोन बाबांच्या खिशात वाजला

आई,

काल मी थाळीफेकीत पहिली आले. शालेय स्पर्धेचा जुना विक्रमही मोडला. "पोरी, कमाल केलीस!" सर ओरडले. पदक घेतल्याबरोबर मी तुला फोन लावला. रिंग मागच्या बाकावर, बाबांच्या खिशात वाजली. ते हॉस्पिटल सोडून मैदानावर आले, तेव्हा मला वाटलं होतं, तुला बरं वाटतंय.

"पहाटेच गेली गं," ते म्हणाले. "म्हटलं, तुझी स्पर्धा होऊ दे."

मी नुसतं "बरं" म्हणाले.

लोक येतात, आधी सांत्वन करतात, मग चाचरत अभिनंदन. मी दोन्हींना मान हलवते. मला रडूच येत नाही.

"चुकलं का गं माझं?" बाबांनी आज विचारलं.

मी त्यांना जेवायला वाढलं.

तुझी,
पैलवान