तिसऱ्या कडव्यापर्यंत मूठ झाकलेली

सौ. विहीणबाईंस,

पत्र तक्रारीचं आहे, पण नमस्कार आधी घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? व्याह्यांचा खोकला? इकडे सगळे धडधाकट आहेत, एक माझं दुकान सोडून. मला शाळा फार नाही, त्यामुळे गोड लिहिता येत नाही. (येत असतं तरी आज लिहिलं नसतं.)

तुम्ही बालवाडीत गाणी शिकवता, चांगलंच आहे. पण सुट्टीत आपल्या भिंगरीला तुम्ही ते पैशाचं गाणं शिकवून पाठवलंत, त्यातून मी अजून सावरलेले नाही. लहानपणीच पोरांना पैशाची शिस्त लागावी म्हणून म्हणे. पैसे बाहेर काढले की मूठ मिटायची, तिन्ही कडवी म्हणायची, आणि गाणं संपल्यावरही वस्तू हवीशी वाटली तरच मूठ उघडायची. ऐकायला छान. पण पोरीचे आईबाप कामावर जातात आणि नात दिवसभर बसते माझ्या दुकानात. तिथे काय आहे? रिबिनी, चिमटे, मण्यांच्या माळा, हातातले आरसे. यातल्या एकाही वस्तूवाचून कुणाचं अडत नाही, हे मला माहीत आहे. गिऱ्हाइकाला कळायची काय गरज होती?

सोमवारी एक बाई आल्या. आरशांचा हेअरबँड लावून पाहिला, पर्स उघडली, नोट बाहेर आली. तेवढ्यात ही स्टुलावर चढली, त्यांची मूठ नोटेसकट दोन्ही हातांत धरली आणि सुरू:

मूठ झाकली नाण्याची, घाई नाही देण्याची,
घरी असेल असलंच काही, आठवण कर ना त्याची.

बाई आधी कौतुकानं मान डोलवत होत्या. दुसऱ्या कडव्याला मान थांबली. तिसऱ्याला म्हणाल्या, "अगं बाई, लाल रंगातला आहेच की माझ्याकडे," आणि हेअरबँड ठेवून, पोरीचा गालगुच्चा घेऊन चालत्या झाल्या. मी रिबीन कापायची कात्री धरून तशीच उभी. उभ्या जन्मात भावावरून गेलेलं गिऱ्हाईक पाहिलंय, रंगावरून गेलेलं पाहिलंय. गाण्यावरून गेलेलं हे पहिलंच.

शेजारचा फोटोवाला पोट धरून हसला. "वहिनी, माल काढून टाका, तिकीट लावा." दुपारी त्याच्याकडे एक जोडपं भिंतीएवढा फोटो काढून घ्यायला आलं. पैशांचं बोलणं कानावर पडलं तशी भिंगरी तिकडे धावली. जोडपं पासपोर्टचे फोटो घेऊन गेलं. आता तो माझ्याशी बोलत नाही.

मी गप्प बसले असं समजू नका. मीही चौथं कडवं जुळवलं, "घ्या घ्या, लवकर घ्या, आजीच्या दुकानातून घ्या." भिंगरीनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजी, तू बेसूर आहेस. त्या आजीला विचारून ये." (त्या आजी म्हणजे तुम्ही.) मुलाला सांगितलं तर म्हणतो, आई, सवय चांगलीच आहे की. असेल. दुकानाचं भाडं सवय भरणार आहे का?

तेव्हा गाणं परत घ्या, नाहीतर एकाच कडव्याचं करा. एका कडव्यात माणसाचं मन फिरत नाही, मी पाहिलंय.

तुमची रागावलेली
विहीण

ता. क. काल घाऊक बाजारात माल आणायला गेले, भिंगरीला न्यावंच लागलं. तिथला व्यापारी दर खेपेला गोड बोलून फुलपाखरांचे चिमटे माझ्या गळ्यात मारतो. कुणी घेत नाही. पलंगाखाली खोकी भरून पडलेत, तुमच्या जावयालाही पत्ता नाही. मी पैसे काढले, पोरीनं मूठ धरली. तिसऱ्या कडव्याला मला तो पलंग दिसला. भाड्याचेच पैसे होते, तसेच घरी आले.

आणखी एक. पुढच्या खेपेला पोरीची शाळा सुरू झालेली असेल, मला एकटीलाच जायचंय. दोन कडवी पाठ आहेत, तिसरं मध्येच अडतं. तेवढं मोठ्या अक्षरात लिहून पाठवा.

दोन प्रती पाठवा. फोटोवाल्याला नवा कॅमेरा घ्यायचाय, त्याची बायको मागत होती.