गोण्यांची गोधडी

प्रिय सरू,

फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो नि उत्तरं तुझ्या सासूबाई देतात. म्हणून माझ्या आदेशबरोबर हे पत्र पाठवतेय. एकटीनं वाच.

शहापूरला तपासणी झाली. तुझे भावजी सिमेंटच्या पत्र्याच्या कारखान्यात होते ना, तिथल्या जुन्या कामगारांच्या छातीत ॲस्बेस्टॉसचे धागे राहिलेत का, ते बघायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. रक्त घेतलं, नि थुंकीसाठी डबी दिली. सकाळी उठल्याबरोबर, तोंडात काही घालायच्या आत, खोल खोकून बेडका काढायचा. यांनी ते इतकं मनावर घेतलं की अंगणातला खोकला ऐकून शेजारची कमळाबाई सुंठ घेऊन धावत आली. घरच्या बायकांनाही डबी होती. मी सवयीनं आधी मशेरी लावली. डबी बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मावशी, यात फक्त तुमची तंबाखू सापडेल. दुसऱ्या दिवशी मशेरीशिवाय दिली. त्या दिवशी मी इतकी चिडचिडले की घरात कुणी माझ्या वाटेला गेलं नाय.

काल निकाल कळला. यांच्या डबीत काही नाय, माझ्या डबीत धागे. हे तिथंच भडकले, नोकरी मी केली नि हिला कसं? डब्या बदलल्या म्हणून भांडलेसुद्धा. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, यांचे कपडे कोण झटकायचं? मी म्हटलं, मीच. वर तोऱ्यात सांगितलं, कारखान्याच्या रिकाम्या गोण्यांची गोधडी शिवलीय, अजून उसवली नाय. त्यांनी पेन खाली ठेवलं.

धागे म्हणजे आजार नव्हे, म्हणाल्या, पण छातीचा फोटो काढायचा, दर वर्षी दाखवायचं. सापडलं नाय म्हणून यांचीही सुटका नाय. मला भीती वाटली गो, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून हे माझ्यासाठी चहा करतात, नि काळजीत स्वतःच पिऊन टाकतात.

सरू, तू आमच्याकडे शिकायला होतीस तेव्हा ते कपडे आपण दोघी टोकं धरून झटकायचो. ती गोधडी तुझीच होती, उबदार म्हणून मी दुसऱ्या कुणाला देत नसे. आदेशच्या हळदीला नाचता नाचता तू खोकत खाली बसलीस नि डीजेच्या धुरावर ढकललंस. मी तेव्हा हसले होते. आता हसू येत नाय. सोमवारी डॉक्टरीणबाई तुमच्या मुरबाडला येतायत, मीही येतेय. सोबत डबी पाठवलीय, सासूबाईंनी विचारलं तर चुन्याची म्हण. सोमवारी उठलीस की मशेरीला हात लावू नकोस. मीही लावणार नाय. मग दोघी मिळून तुझ्या सासूबाईंवर चिडू.

तुझीच,
गिरजाताई