टेबल किती जड आहे

४ फेब्रुवारी
धातू कापायच्या मिलिंग मशीनला मोटारी लावायच्या, असं बाबांनी परस्पर ठरवलं! चाळीस वर्षं हातानं हँडल फिरवलं, आता म्हणे कॉम्प्युटरनं फिरवू. मशीनचं सरकतं टेबल जड झालंय, हँडलला पाच किलोचा जोर लागतो म्हणतात. मोटारीचं माप काढणं माझ्याकडे. आठवडाभर पंपांचा कारखाना, सुट्टीला घरचं गॅरेज. आलिया भोगासी!

५ फेब्रुवारी
पाच किलो, हँडल दहा सेंटिमीटर — पन्नास किलो-सेंटिमीटर. धातू कापताना दुप्पट धरायचं. पट्टा घालून दोनास एक केलं, म्हणजे मोटारीच्या दोन फेऱ्यांना स्क्रूचा एक, तर मोटारीला निम्मा जोर पुरतो, पण टेबलाचा वेगही निम्मा. बाबा म्हणाले, मला कुठं गाडी पकडायचीय? तरीही मोटार अवाढव्यच येते. आई म्हणाली, नाकापेक्षा मोती जड.

८ फेब्रुवारी
एवढं जड का, म्हणून सुट्टीचा सगळा दिवस टेबल उघडून बसले. स्क्रू, नट, बाजूच्या पट्ट्या धुतल्या. वाटीभर लोखंडाचा कीस निघाला. तेल घालून जोडलं. बाबांनी फिरवून पाहिलं. तसंच आहे म्हणाले. माझी कंबर धरली.

९ फेब्रुवारी
पट्ट्या सैल केल्या. तसंच आहे म्हणतात.

११ फेब्रुवारी
कारखान्यातून हुकाचा वजनकाटा आणला. हँडलला अडकवून ओढला.
दीड किलो.
दोन्ही बाजूंनी, चार-चार वेळा. दीडच! पट्ट्या पुन्हा आवळून पाहिलं — तरी पावणेदोनच्या वर जाईना. मोजल्याशिवाय आकडा मांडायचा नाही, हे बाबांनीच शिकवलेलं. आणि मी त्यांच्या तोंडचा आकडा डोळे मिटून कागदावर मांडला. शहाणी!
म्हणजे टेबल हलकंच आहे. मग जेवताना त्यांच्या उजव्या हाताकडे नीट पाहिलं. पेला दोन्ही हातांनी उचलत होते.

१२ फेब्रुवारी
आईला विचारलं. सहा महिने झाले म्हणाली. मानेत नस दबलीय. डॉक्टर म्हणाले, गेलेली ताकद परत येणं कठीण. मला सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं. खूप राग आला. वाईटही वाटलं — ते इथे लिहून ठेवते, बाहेर बोलणार नाही.
नवा हिशेब. टेबलाला पंधरा, कापताना तीस. पट्टा दोनास एक, म्हणजे मोटारीला पंधरा. वेग वाढला की मोटारीचा जोर उतरतो, म्हणून तीसची घ्यायची. चांगली आटोपशीर. बाबांना काम सोडावं लागणार नाही. कळ दाबायला कितीशी ताकद लागते?

१ मार्च
मोटारी बसल्या. टेबल आपलं आपण सरकलं. बाबा कान देऊन ऐकत होते. "पट्टा थोडा ताण," एवढंच म्हणाले. ताणला. आवाज गेला.

२ मार्च
कळांचा डबा भिंतीवर लावायचा होता. बाबांच्या छातीच्या उंचीला पेन्सिलीनं खूण केली. त्यांनी ती अंगठ्यानं पुसली.
"तिथं तू उभी राहा. मी आहे तोवर शिकवून ठेवतो."
माझ्या छातीच्या उंचीला त्यांनी रेघ मारली. मी तिथेच भोकं पाडली.