अम्माच्या चाफ्याचं कलम

प्रिय हबीबा,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवते. गेले आठ दिवस आमचा पेपरवाला वर्तमानपत्र नळाखालच्या डबक्यात टाकतो आहे. गेली पंधरा-वीस वर्षं तो फाटकातून हात घालून पेपर चाफ्याच्या बेचक्यात खोचायचा. आता बेचकं नाही, म्हणून नेम धरून डबक्यात. रोज सकाळी मी अग्रलेख तव्यावर शेकते. काही अग्रलेख दोन्ही बाजूंनी शेकले तरी कच्चेच राहतात, तो भाग वेगळा. पण पन्नाशी उलटलेल्या बाईनं आणखी काय काय सोसायचं, हे एकदा कुणीतरी ठरवून द्यायला हवं.

बेचकं का नाही, ते सांगते. अक्षर ओळखून तू पत्र अजून फाडलं नसशील, तर वाच. तुझ्या लेकीवर, मेहविशवर मात्र रागावू नकोस. गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला : 'खाला, नानीच्या कबरीवर लावायला तिच्याच चाफ्याची एक फांदी मिळेल का? अम्मीला सांगू नका, मी मागितली म्हणून.' माझ्या पोटात काही राहत नाही, हे त्या पोरीला माहीत नसावं. तुला चांगलंच माहीत आहे. मेसेज मी चार वेळा वाचला. दोन वर्षांत तुमच्या घरातून माझ्याकडे आलेला तो पहिला शब्द. तुमचं इथलं टेमघरचं घर बिल्डरला गेलं आणि तुम्ही कल्याणला गेलात तेव्हा अंगणातला मूळ चाफा त्याच्याबरोबरच गेला, म्हणजे अम्माच्या हातचं आता माझ्या दारातलं एवढंच उरलेलं. फांदी द्यायची, एवढंच काम. तेवढंही मला धड करता आलं नाही.

मी तेव्हा पुण्याला अदितीकडे. लेकीकडे गेलं की चार दिवस तिच्या चुका काढण्यात कसे जातात कळत नाही. म्हटलं, परत जाईपर्यंत कलम तयार असलेलं बरं. इमादला फोन लावला. इमाद म्हणजे मागच्या गल्लीतल्या कारखान्यात लूम चालवणारा, शिफ्ट सुटली की आमची टाकी धुणारा, दोन पोरींचा बाप, अतिशय सज्जन. त्याला म्हटलं, "इमादभाई, वो चाफे का कलम कर देना." तो म्हणाला, "भाभी, वो तो वैसे भी सूख गया है. एक पत्ता नहीं." मी म्हटलं, "ठंडी में वो ऐसाच दिखता है. तुम कलम करो." तर म्हणे, "पूरा?" आता माणूस 'पूरा' का विचारतो आहे, याचा विचार करावा की नाही? पण मला उत्तर सुचलं की विचार बंद पडतो. म्हटलं, "पूरा नहीं तो क्या आधा?" आणि या वाक्यावर खूश होऊन मी फोन ठेवला.

परत आले तर दारात गुडघ्याएवढं खोड. वर पाच गोल जखमा, चीक वाळून पांढरा झालेला. इमादनं अंगणसुद्धा झाडून ठेवलं होतं. फांद्या? घंटागाडीत. मी काय काय बोलले ते लिहीत नाही, गल्लीनं ऐकलं आहे. शेवटी इमाद हळूच म्हणाला, "भाभी, आपने ही बोला था कलम कर दो. हमारे यहाँ सर कलम होता है ना, वैसा पेड़ भी होता है. कलम मतलब काटना." माझ्या मराठीत कलम करणं म्हणजे एका झाडापासून दुसरं करणं. त्याच्या बोलीत कलम करणं म्हणजे उडवणं. शब्द एकच. आणि तिसरं कलम माझ्या हातात, ज्याच्यावर तीस वर्षं पोट भरलं. ते दोन्ही कामं करतं. मी त्याच्याकडून बहुतेक इमादवालंच करून घेतलं.

दोन वर्षांपूर्वीच्या माझ्या त्या विनोदी लेखाबद्दल मी आजवर तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. 'आमच्या शेजारच्या आजी'. चाफ्याला दिवसातून सात वेळा पाणी घालणाऱ्या, चहात दोनदा मीठ टाकणाऱ्या, माझ्या नवऱ्याला, अवधूतला, स्वतःच्या वारलेल्या नवऱ्याच्या नावानं हाक मारून 'इतका उशीर?' विचारणाऱ्या. सगळं गाव हसलं. मला अठ्ठावीस फोन आले. त्याच रविवारी तू तो अंक हातात घेऊन फाटकाशी आलीस. "सरू, डॉक्टरनं कालच सांगितलं, तिला विसरायचा आजार आहे. तुला हसायला दुसरं घर मिळालं नाही?" एवढंच बोलून अंक माझ्या चाफ्याच्या बेचक्यात खोचून गेलीस. मी आत जाऊन अवधूतला म्हटलं, "मला कुठे ठाऊक होतं?" अगं, ठाऊक नव्हतं हे खरं. पण दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच तर लिहिलं.

डिसेंबरात अम्माला कल्याणहून इथल्या कबरस्तानात आणलंत. अवधूत गेला, मूठभर माती देऊन आला. तिथं बायका जात नाहीत, हे कारण मला फारच सोयीचं पडलं. पण तुझ्या घरी यायला तर कुणी अडवलं नव्हतं. रिक्षापर्यंत जाऊन परत आले. दोनदा.

असो. दमले आहे गं. पहिल्यासारखं चटकन टोचता येत नाही, आणि टोचलं तरी मजा येत नाही. खोडाकडे बघत बसते. परवा सकाळी इमाद आला, खांद्यावर एक लांब फांदी. म्हणाला, सगळ्या गाडीत टाकल्या, ही एक तेवढी त्यानं स्वतःच्या खोलीवर नेली होती. बेचकं चांगलं होतं, कपड्यांच्या दोरीला टेका द्यायला. पोरींचे फ्रॉक, स्वतःची लुंगी, सगळा भार आठवडाभर तिच्यावर. "भाभी, देखिए तो. सूखी नहीं थी." टोकाला बोटाच्या पेराएवढा हिरवा कोंब. ना माती, ना पाणी. पेपरवाल्याचं बेचकं, हबीबा. तू अंक खोचला होतास तेच.

शुक्रवारी लूम बंद असतात. इमाद कल्याणला येईल, हे पत्र आणि ती फांदी घेऊन. त्याला चहा दे, त्याचा काही दोष नाही. बावीस वर्षांपूर्वी अम्मानं फांदी माझ्या हातात दिली तेव्हा म्हणाली होती, "देत नाय हां सरू, ठेवायला देतेय. मागायला आले तर द्यायची." आणि वर बजावलं होतं, जखमेचा चीक पुरता सुकल्याशिवाय मातीत घालू नकोस, ओली पुरलीस तर कुजेल. मी जरा जास्तच सुकवली. मार्चमध्ये माझं पुस्तक येतंय, त्यातून तो लेख काढला आहे. प्रकाशक म्हणाला, सगळ्यात चांगला तोच होता. मी म्हटलं, म्हणूनच. तुझ्याकडे उत्तर मागत नाही. फांदी आधी तुझ्याकडे कुंडीत लाव, मुळं धरली की कबरीवर जाईल; पहिले आठ दिवस पाणी घालू नकोस. त्यानंतर दिवसातून सात वेळा घातलंस, तरी मी कुणाला सांगणार नाही.

तुझीच,
सरू